दाखला बदला, पण कारागीर बाद करू नका

भोपाळच्या श्यामला टेकडीवर बसून जे लिहिले जाते त्याचे पडसाद बेळगावच्या उद्यमबागेत आणि निपाणीच्या हमरस्त्यावरील गॅरेजांत उमटतात, ही गोष्ट आमच्या वाचकांच्या सहसा ध्यानात येत नाही. त्या टेकडीवर पंडित सुंदरलाल शर्मा केंद्रीय व्यावसायिक शिक्षण संस्था आहे. १९९३ साली स्थापन झालेली ही संस्था म्हणजे ‘एनसीईआरटी’ या केंद्रीय परिषदेचेच एक अंग. देशातील शाळांत नववीपासून बारावीपर्यंत जे धंदेशिक्षण दिले जाते त्याचे अभ्यासक्रम आणि पाठ्यपुस्तके तयार करण्याचे काम तिच्याकडे आहे. शेती, किरकोळ विक्री, सुरक्षा अशा विषयांच्या जोडीला मोटार दुरुस्ती हाही त्यातील एक विषय. शाळेत असताना ज्या मुलाने पहिल्यांदा हातात पाना धरला, त्याने तो कसा धरावा, कशासाठी धरावा आणि धरल्यावर त्याला कोणत्या नावाचा कागद मिळावा, या विचाराचा पुष्कळसा भाग भोपाळात होतो.

भोपाळचा आणि आमचा आणखी एक योग आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नव्या मध्य प्रदेशाची राजधानी म्हणून भोपाळ उभे राहिले. त्याच दिवशी बेळगाव, खानापूर, निपाणी हा आमचा मुलूख मुंबई राज्यातून काढून म्हैसूरला जोडण्यात आला. त्या दिवसाचा हिशेब मांडण्याचे हे स्थळ नव्हे. सांगायचे इतकेच की, वरच्या पातळीवर एखादी चौकट बदलली म्हणजे जुन्या चौकटीतला कागद हातात धरून उभ्या असलेल्या माणसाची काय गत होते, हे सीमाभागाला कोणी नव्याने शिकवण्याची गरज नाही. म्हणूनच मोटार दुरुस्तीच्या धंद्यातील शासकीय पात्रतांचा फेरविचार, जुन्यांची गच्छंती आणि नव्यांची स्थापना हा वरकरणी तांत्रिक वाटणारा विषय आम्ही आज या स्तंभात घेत आहोत.

प्रथम हे स्पष्ट करावयास हवे की, पात्रता बदलू नयेत असे आमचे म्हणणे नाही. उलट, त्या बदलल्या नाहीत तर माणसे मरतील. या विधानात अतिशयोक्ती नाही. मोटारीच्या धंद्यात गेल्या काही वर्षांत जी उलथापालथ झाली तिची कल्पना बाहेरच्या माणसाला येत नाही. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० रस्त्यावर आली तेव्हा तिच्या इंजिनावर कार्बोरेटर होता. त्याची जेट साफ करणे, पॉइंटची फट पत्ती घालून मोजणे, प्लग काढून त्याच्या रंगावरून इंजिनाची प्रकृती ओळखणे, हे ज्ञान एकदा हातात बसले की पंधरा-वीस वर्षे पोटाला पुरत असे. पुढे इंधन फवारणीची यंत्रणा आली, तिच्यावर हुकमत चालवणारी इलेक्ट्रॉनिक पेटी आली. १ एप्रिल २०१७ पासून देशभर ‘बीएस ४’ आणि मधली पाचवी पायरी ओलांडून १ एप्रिल २०२० पासून ‘बीएस ६’ हे धुराचे नियम लागू झाले. त्या एका तारखेने नव्या दुचाक्यांतून कार्बोरेटर जवळजवळ हद्दपार केला. डिझेलच्या अवजड गाड्यांना धूर शुद्ध करण्यासाठी युरियाच्या द्रावणाची वेगळी टाकी लागली. आज ट्रक बंद पडला तर दोष पंपात आहे, नळीत आहे, की नुसत्या एका संवेदकाने खोटी खबर दिली आहे, हे कानाने ओळखता येत नाही; स्कॅनर जोडून संकेतांक वाचावा लागतो.

आणि आता विजेची गाडी. येथे प्रश्न नुसत्या अज्ञानाचा राहत नाही, तो जिवाचा होतो. जुन्या मिस्त्रीची एक सवय सर्वांच्या परिचयाची आहे: तार सोडवायची, तिचे टोक सांगाड्याला घासायचे आणि ठिणगी पडते का पाहायचे. बारा व्होल्टच्या बॅटरीवर ही सवय फार तर एखादा फ्यूज खाते. पण एकदिश विजेत ६० व्होल्टच्या वरचा दाब धोक्याच्या वर्गात मोडतो आणि विजेवर चालणाऱ्या मोटारीची बॅटरी तीनशे व्होल्टच्या घरात किंवा त्याहून वर असते. तेथे ती सवय माणूस खाते. नारिंगी रंगाच्या वेष्टणातली तार का नारिंगी असते, सुरक्षा प्लग काढल्यावरही आतील साठा ओसरेपर्यंत काही मिनिटे हात बांधून का थांबायचे, रबरी हातमोजा घालण्यापूर्वी त्यात हवा भरून तो कोठे फुटला आहे का हे का पाहायचे, ही ज्याला कोणी शिकवली नाहीत त्याने त्या गाडीचे बॉनेट उघडू नये हेच बरे. २०२२ साली विजेच्या स्कूटरींना आगी लागल्याच्या बातम्या एकापाठोपाठ आल्या, तेव्हा केंद्र सरकारने बॅटरीच्या सुरक्षेचे नियम त्याच वर्षी कडक केले. गाडी बनवणाऱ्याला नियम लागले. ती गाडी उद्या रस्त्याकडेच्या झाडाखाली उघडणाऱ्याला शिक्षण कोण देणार, हा पुढचा प्रश्न उरलाच.

सरकारी औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत ‘मेकॅनिक इलेक्ट्रिक व्हेइकल’ हा दोन वर्षांचा नवा व्यवसाय सुरू झाला आहे, ही त्या दिशेने चांगली गोष्ट आहे. ‘मेकॅनिक मोटार व्हेइकल’ आणि ‘मेकॅनिक डिझेल’ या जुन्या व्यवसायांचे अभ्यासक्रमही तपासले गेले. तेव्हा बदल होतो आहे आणि व्हावयास हवा. आमची तक्रार बदलाविषयी नाही. बदल करताना जो माणूस जुना दाखला घेऊन बसला आहे त्याच्याकडे पाठ फिरवण्याच्या रीतीविषयी आहे.

ही रीत समजण्यासाठी दाखल्यांची यंत्रणा थोडी उलगडून पाहिली पाहिजे. स्वातंत्र्यानंतर, १९५० साली, कारागीर प्रशिक्षण योजना सुरू झाली. १९५६ साली या धंद्यांच्या प्रशिक्षणासाठी राष्ट्रीय परिषद नेमली गेली. १९६१ साली शिकाऊ उमेदवारांचा कायदा झाला. त्या काळी मार्ग एकच होता. मुलगा ‘आयटीआय’मध्ये गेला, दोन वर्षे फाइल घासली, परीक्षा दिली आणि राष्ट्रीय परिषदेचा दाखला घेऊन परिवहन महामंडळाच्या आगारात किंवा कारखान्यात शिकाऊ म्हणून लागला. तो दाखला त्याच्या ट्रंकेत पुढची तीस वर्षे सुरक्षित राहत असे. आज मार्ग तीन झाले आहेत आणि तिन्हींचे लेखनिक निरनिराळ्या शहरांत बसतात. ‘आयटीआय’च्या अभ्यासक्रमांचे काम कलकत्त्याच्या केंद्रीय संस्थेत चालते. गॅरेजातील प्रत्येक कामाचे मानक ठरवणारे ऑटोमोटिव्ह स्किल्स डेव्हलपमेंट कौन्सिल दिल्लीत आहे. त्या मानकावरून शाळकरी मुलांसाठी पुस्तक बनते ते भोपाळात. चाकाचा नट तोच, तो आवळण्याचा जोरही तोच. पण तो कसा आवळावा याविषयी तीन शहरांतून तीन कागद निघतात! या सर्वांवर देखरेख करण्यासाठी ५ डिसेंबर २०१८ च्या अधिसूचनेने राष्ट्रीय व्यावसायिक शिक्षण व प्रशिक्षण परिषद स्थापन झाली आणि तिने १ ऑगस्ट २०२० पासून काम सुरू केले. एकसूत्रीपणा यावा हाच तिच्या जन्माचा हेतू, आणि तो हेतू आम्हास मान्य आहे.

आता प्रत्येक पात्रतेवर तिच्या पुढील तपासणीची तारीख छापलेली असते. साधारणतः तीन वर्षांनी ती पुन्हा पुढे येते; मग ती तशीच ठेवायची, दुरुस्त करायची की दप्तरात टाकून द्यायची, याचा निर्णय होतो. औषधाच्या बाटलीवर मुदत असते तशी ही शिक्षणावरची मुदत. यंत्र वेगाने बदलते म्हणून मुदतही जवळची, हा तर्क समजण्यासारखा आहे. परंतु मुदत संपते ती अभ्यासक्रमाची. ज्याने तो अभ्यासक्रम पुरा केला त्या मुलाची मुदत संपली आहे काय? याचे उत्तर अधिकृत भाषेत ‘नाही’ असेच मिळेल. व्यवहारात काय घडते ते पाहू.

२०१२ साली हरियाणातील ४० शाळांत नव्या धर्तीचे धंदेशिक्षण प्रयोग म्हणून सुरू झाले. निवडलेले विषय चार. त्यात मोटार हा एक. अभ्यासक्रम तयार केला तो भोपाळच्या याच संस्थेने. नववीत पहिला स्तर, दहावीत दुसरा, अकरावीत तिसरा, बारावीत चौथा अशी सरळ शिडी मुलांपुढे मांडण्यात आली. त्या पहिल्या तुकडीतला मुलगा दुसरी पायरी चढत होता तेव्हा, २७ डिसेंबर २०१३ रोजी, शिडीचेच नाव बदलले: जुनी चौकट गेली आणि राष्ट्रीय कौशल्य अर्हता चौकट आली, दहा स्तरांची. पुढे ज्या कामाला ‘ऑटोमोटिव्ह सर्व्हिस टेक्निशियन, स्तर ३’ म्हणत, त्याचे नाव ‘फोर व्हीलर सर्व्हिस असिस्टंट’ झाले. वाचकांनी हा बदल नीट पाहावा. काल जो टेक्निशियन होता तो आज त्याच कामासाठी असिस्टंट ठरला. काम कमी झाले नाही, हात कमी झाला नाही. पण ज्याच्या ट्रंकेत जुना कागद आहे आणि ज्याच्या ट्रंकेत नवा, ते दोघे एकाच दारात उभे राहिले तर मालकाने कोणाला काय समजावे? २०२३ साली चौकट पुन्हा बदलली. दहा स्तरांचे आठ झाले, आणि त्यात अडीच, साडेतीन, साडेचार, साडेपाच असे मधले टप्पे घालण्यात आले. अडीच स्तरांचा कारागीर म्हणजे काय, हे समजावून सांगणारा माणूस अजून आमच्या गावापर्यंत आलेला नाही.

‘आयटीआय’तही हेच. ‘मेकॅनिक मोटार व्हेइकल’ हा दोन वर्षांचा व्यवसाय आधी पाचव्या स्तराचा म्हणून छापला जात असे. २०२२ च्या फेरतपासणीनंतर तो चौथ्या स्तराचा म्हणून छापला जाऊ लागला. एका वर्षाचा डिझेलचा व्यवसाय चौथ्यावरून तिसऱ्यावर आला. वरची चौकट आखूड झाल्यामुळे आकडे खाली सरकले, शिक्षण खाली गेले नाही, असा खुलासा जाणकार करतात आणि तो बरोबरही असेल. पण खुलासा जाणकारांच्या तोंडी राहतो आणि आकडा कागदावर राहतो. भरतीचा कारकून खुलासा वाचत नाही, आकडा वाचतो. ‘पाचवा स्तर किंवा त्यावरील’ अशी अट असलेल्या जागेसाठी नवा, अधिक शिकलेला मुलगा अपात्र आणि जुना पात्र. आणि जेथे नव्या व्यवसायाचे नाव हवे तेथे जुना अपात्र! आगारांचे आणि खात्यांचे भरतीचे नियम तर अभ्यासक्रमाबरोबर बदलत नाहीत. ते कित्येक वर्षांपूर्वीच्या व्यवसायांची नावे उराशी धरून बसलेले असतात. विजेच्या गाडीचा दाखला घेऊन आलेल्या पोराला ‘तुमचा व्यवसाय आमच्या यादीत नाही’ असे ऐकावे लागले, तर त्यात कारकुनाचा दोष नाही. ज्याने नवा दाखला काढला त्याने जुन्या यादीची वास्तपुस्त केली नाही, हा दोष आहे.

यावर उपाय अवघड आहे असे नाही. जुनी पात्रता दप्तरात टाकण्याचा ठराव ज्या दिवशी होतो, त्याच दिवशी, त्याच कागदावर, ती कोणत्या नव्या पात्रतेच्या बरोबरीची आहे आणि तिच्या धारकाने किती तासांचा जोडअभ्यास केला म्हणजे तो नव्याच्या पंक्तीला बसेल, हे लिहिले गेले पाहिजे. तो कागद प्रत्येक राज्याच्या भरती खात्याकडे गेला पाहिजे. मोटार मेकॅनिकला विजेची गाडी पुन्हा दोन वर्षे शिकवायची नाही. ब्रेक, स्टिअरिंग, सस्पेन्शन, चाक यांचे त्याचे ज्ञान जसेच्या तसे कामाचे आहे. त्याला हवा आहे उच्च दाबाच्या विजेचा सुरक्षित व्यवहार, बॅटरी आणि मोटार यांची तपासणी, आणि त्यासाठी लागणारी हत्यारे. एवढ्यासाठी त्याला पहिलीच्या बाकावर बसवणे हा पैशाचा आणि माणसाचा अपव्यय आहे.

दुसऱ्या देशांनी हे कसे केले? जर्मनीचे उदाहरण घेऊ. भोपाळच्या त्याच टेकडीवर जर्मन सहकार्यातून उभी राहिलेली ‘क्रिस्प’ ही औद्योगिक प्रशिक्षण संस्था असल्यामुळे ते दूरचेही नाही. जर्मनीत मोटार मेकॅनिक आणि मोटार इलेक्ट्रिशियन हे पूर्वी वेगळे धंदे होते. गाडीतील लोखंड आणि वीज यांची सरमिसळ झाल्यावर २००३ साली ते एकत्र करून ‘मेकॅट्रॉनिकर’ हा एकच धंदा केला गेला, आणि २०१३ साली त्यात उच्च दाबाच्या विजेची शाखा जोडली गेली. दोन बदलांमध्ये दहा वर्षांचे अंतर. आणि तेथे असा बदल ठरवताना मालकांच्या संघटना आणि कामगारांच्या संघटना दोघांनाही टेबलावर जागा असते. नावाला वजन असावे असे वाटत असेल तर ते वरचेवर बदलू नये, आतील मजकूर बदलावा, हा त्यातील शहाणपणा आम्हास घेण्यासारखा वाटतो. अर्थात जर्मनीची प्रत्येक गोष्ट येथे उचलून आणावी असे कोणी समजू नये. तेथे कारखाना शिकाऊ मुलाला वेतन देऊन शिकवतो, येथे शिकाऊ मुलगा पुष्कळदा चहा आणण्यापासून सुरुवात करतो.

टेबलावर कोण बसते हा प्रश्न आमच्या मते या साऱ्याच्या मुळाशी आहे. दिल्लीचे जे कौन्सिल मानके लिहिते ते गाड्या बनवणाऱ्यांच्या, सुटे भाग बनवणाऱ्यांच्या आणि गाड्या विकणाऱ्यांच्या संघटनांनी मिळून उभे केले आहे. या तिन्ही पंक्तींत रस्त्याकडेच्या गॅरेजवाल्याचे पान मांडलेले नाही. भोपाळच्या कोकता ट्रान्सपोर्ट नगरात किंवा आमच्या पुणे-बंगळूर हमरस्त्यावर ट्रकाखाली आडवा होऊन काम करणारा मिस्त्री हा कोणत्याही कंपनीचा नोकर नाही. गाडीची हमी संपली की मालक कंपनीच्या चकचकीत कार्यशाळेकडे जात नाही, याच्याकडे येतो. देशातील जुन्या गाड्या याच्या जिवावर चालतात. याचा अनुभव मानकांत उतरत नाही. त्यामुळे मानक सांगते, ‘निर्मात्याच्या पुस्तिकेप्रमाणे नट आवळावा’. आणि पुस्तिका तर त्याला मिळतच नाही. ग्राहक व्यवहार खात्याने २०२२ च्या डिसेंबरात दुरुस्तीच्या हक्कासाठी संकेतस्थळ काढले आणि त्यात मोटारींचाही अंतर्भाव केला, हे खरे. पण स्कॅनरचे सॉफ्टवेअर, दोषसंकेतांचा अर्थ आणि विद्युतजोडणीचे नकाशे स्वतंत्र गॅरेजाला वाजवी दरात मिळेपर्यंत त्याच्या हातातला नवा दाखला म्हणजे किल्लीवाचून कुलूप आहे.

ज्याच्याकडे कसलाच दाखला नाही अशा कारागिराचीही गोष्ट आहे, आणि संख्येने तोच अधिक. दहाव्या-बाराव्या वर्षी उस्तादाच्या हाताखाली लागलेला, अक्षरओळख बेताची, पण गिअरबॉक्सचा आवाज ऐकून कोणता दात गेला ते सांगणारा. १५ जुलै २०१५ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल विकास योजनेत अशा माणसासाठी ‘पूर्वी मिळवलेल्या ज्ञानाची मान्यता’ अशी सोय केली गेली: थोडे दिशादर्शन, मग परीक्षा, मग दाखला. कल्पना उत्तम. यासाठी सरकारचे अभिनंदनच करावयास हवे. पण ज्या पात्रतेत त्याला दाखला मिळाला ती तीन वर्षांनी दप्तरात गेली, तर त्याने पुन्हा परीक्षेला यावे काय? एका दिवसाची मजुरी बुडवून तो एकदा आला. दुसऱ्यांदा येईल याची हमी आम्ही देत नाही, आणि तो न आल्यास त्याला बोलही लावणार नाही.

आता भाषेविषयी. आमचे वाचक म्हणतील की आम्ही शेवटी भाषेवर येणारच होतो, तर येतो. नव्या पात्रतेचा मूळ मसुदा इंग्रजीत असतो. त्यावर जनतेची मते मागवली जातात तीही इंग्रजी मसुद्यावर. भोपाळात शिकवणारा मास्तर हिंदीत बोलतो आणि शिकणारा मुलगा बुंदेली किंवा माळवी घरातून येतो. खानापुरात शिकणारा मराठी घरातून येतो आणि त्याच्या हातात पडणारा छापील कागद त्याच्या घरच्या भाषेतला क्वचितच असतो. मोटारीचे शब्द इंग्रजी राहू द्यावेत; क्लचला क्लच आणि पिस्टनला पिस्टन म्हणण्यात आम्हाला कमीपणा वाटत नाही, आणि ‘गतिरोधक योजना’ असले शब्द मिस्त्रीवर लादणाऱ्यांचे आम्ही चाहते नाही. परंतु ‘हा प्लग काढल्यावर थांबा, हात लावू नका’ हे वाक्य मुलाच्या भाषेतच असले पाहिजे. तीनशे व्होल्टच्या तारेजवळ उभे राहून कोणी मनातल्या मनात भाषांतर करीत बसू नये. भोपाळच्या संस्थेने आपली पुस्तके भारतीय भाषांत, मराठीत आणि कानडीतही, इंग्रजी आवृत्तीबरोबरच काढावीत, सहा वर्षे मागाहून नव्हे. कारण तोवर पात्रतेची मुदत दोनदा संपून गेलेली असेल.

शिकवणाऱ्याचाही विचार व्हावा. बहुतेक राज्यांत शाळेतील धंदेशिक्षणाचा मास्तर हा सरकारी शिक्षक नसतो. खासगी संस्थेच्या मार्फत कंत्राटावर नेमलेला असतो. अभ्यासक्रम बदलला की त्याने नवा अभ्यासक्रम कोठे शिकायचा, त्या दिवसांचे वेतन कोण देणार, आणि पुढच्या वर्षी तो नोकरीत असेल की नाही, यांपैकी कशाचेच उत्तर त्याच्याकडे नसते. भोपाळात एशियाई विकास बँकेच्या कर्जातून आणि सिंगापूरच्या साहाय्याने संत शिरोमणी रविदास ग्लोबल स्किल्स पार्क हे मोठे प्रशिक्षण संकुल उभे राहिले, ही त्या शहराची शोभा आहे. असे एक संकुल असणे आणि शंभर शाळांच्या कार्यशाळांत एकेक उघडता येण्याजोगी, निकामी का होईना पण खरी विजेची गाडी असणे, यात निवड करावयाची झाल्यास आम्ही दुसरीचा पक्ष घेऊ. ज्या शाळेत अजून कापलेले कार्बोरेटर इंजिनच टेबलावर आहे, त्या शाळेतून ‘इलेक्ट्रिक’ हा शब्द असलेला दाखला वाटणे ही मुलाची फसवणूक आहे, आणि त्याच्याकडे गाडी नेणाऱ्या ग्राहकाचीही.

तीन वर्षांची मुदत एकापाठोपाठ एका पात्रतेवर येऊन ठेपते आणि यातील काही आणखी बदलतील, काही जातील. तेव्हा राष्ट्रीय परिषदेकडे आमचे मागणे असे आहे. ज्या मसुद्यासोबत जुन्या दाखल्याच्या बरोबरीचा तक्ता जोडलेला नाही, तो मसुदा विचारातच घेऊ नये. चौकट बदलल्यामुळे ज्यांचा आकडा खाली सरकला त्यांच्या जुन्या आणि नव्या स्तरांची सांगड घालणारे परिपत्रक भरती करणाऱ्या प्रत्येक खात्याकडे आणि परिवहन महामंडळाकडे प्रादेशिक भाषेत जावे. फेरतपासणीच्या बैठकीत, कंपन्यांच्या प्रतिनिधींइतक्याच संख्येने, स्वतंत्र गॅरेजवाले आणि शाळेतले मास्तर बसवावेत. त्यांच्या प्रवासाचा आणि बुडालेल्या मजुरीचा खर्च परिषदेने द्यावा. बेळगाव, निपाणी, खानापूर येथील गॅरेजमालकांनी आणि ‘आयटीआय’च्या माजी विद्यार्थ्यांनीही नुसते वाट पाहत बसू नये. आपापल्या दाखल्यावरील व्यवसायाचे नाव, वर्ष आणि स्तर यांची एक यादी त्यांनी गावोगाव तयार करावी आणि ती भोपाळ, दिल्ली व कलकत्ता या तिन्ही ठिकाणी रवाना करावी. यादी मराठीत लिहिली तरी चालेल. भाषांतर करवून घेण्याचे काम या वेळी त्यांच्याकडे राहू द्या.